इरिंगाचा हिशेब

सोमवार, मिनियापोलिस

सहा माणसं, बारा बॅगा, आणि त्यातल्या अकरा अर्ध्या रिकाम्या. टांझानियातल्या इरिंगाच्या डायोसीसनं, म्हणजे तिथल्या बिशपच्या अखत्यारीतल्या चर्चांच्या विभागानं, आधीच बजावलं होतं: कपडे नकोत, खेळणी नकोत, रिकाम्या हातानं या. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या बायकांना ते फार लागलं. पण परदेशी जुन्या कपड्यांचे गठ्ठे टांझानियाच्या बाजारात आधीच ढिगानं येतात. तिकडे त्यांना 'मितुंबा' म्हणतात. त्यात आपली भर कशाला? तरी बाराव्या बॅगेत एक गोधडी गेलीच. मिनेसोटाच्या लूथरन बायका गोधडी शिवल्याशिवाय कुणाला निरोप देत नाहीत. चाळीस तुकडे, एकेका घराचा एकेक.

मी अमेरिकेतल्या सेंट पॉलमधल्या एका लूथरन मंडळीची खजिनदार. जन्मानं लूथरन नव्हे. आमचं घराणं नगरचं, अमेरिकन मराठी मिशनच्या काळात ख्रिस्ती झालेलं, म्हणजे काँग्रिगेशनल, प्रॉटेस्टंटांचाच दुसरा पंथ. इथे घरापासून चालत जाता येईल असं चर्च लूथरन निघालं, आणि बर्फातून चालत जाता येणं हा मिनेसोटात ईश्वरविद्येपेक्षा मोठा मुद्दा आहे.

सेंट पॉल परिसरातल्या लूथरन सिनडची, म्हणजे चर्चांच्या विभागीय संघाची, आणि टांझानियाच्या इरिंगा डायोसीसची कित्येक वर्षांची भागीदारी आहे. नाव 'बेगा क्वा बेगा', म्हणजे स्वाहिलीत खांद्याला खांदा. तिच्यात इथल्या एकेका मंडळीची तिथल्या एकेका मंडळीशी जोडी जमते. आमची जोडी दीड वर्ष पत्रांतच होती. आता करारावर सह्या करायला निघालो होतो: आमच्या पास्टरबाई, एक निवृत्त नर्स, मका-सोयाबीन पिकवणारे एक आजोबा, एक शाळामास्तर, त्यांचा 17 वर्षांचा मुलगा आणि मी.

मंगळवार, विमानात

आम्सटरडॅमला विमान बदललं. मध्ये किलिमांजारोच्या विमानतळावर थांबा होता, पण बाहेर मिट्ट काळोख, डोंगर काही दिसला नाही. मध्यरात्रीच्या सुमारास दार-एस-सलाम. अमेरिकन पासपोर्टला व्हिसाचे शंभर डॉलर, एक शिक्का, संपलं. हे इथे लिहून ठेवते, कारण शनिवारी त्यावरून बोलणं निघालं.

बुधवार, दार-एस-सलाम

शरीर अजून आदल्या दिवसात, बाहेर उकाडा. समुद्राकाठी अझानिया फ्रंट कॅथीड्रल पाहिलं. जर्मन अमलातली इमारत, लाल कौलांची, मनोऱ्यावरही कौलांचे लहानलहान टप्पे. बाव्हेरियातून एखादं गाव उचलून बंदरावर ठेवावं तसं दिसतं. टांझानियातल्या सात लूथरन चर्चेसनी 1963 साली एकत्र येऊन एक इव्हँजेलिकल लूथरन चर्च केलं. 1977 साली जागतिक लूथरन महासंघाचं अधिवेशन याच शहरात भरलं आणि टांझानियाच्याच बिशप जोसाया किबिरांना अध्यक्ष निवडलं गेलं. त्या पदावरचे ते पहिले आफ्रिकी. आमच्या मास्तरांना हे ठाऊक नव्हतं. मलाही महिन्यापूर्वीच कळलेलं, तेव्हा मी फार मिरवलं नाही.

खरी गंमत ड्रायव्हरच्या बोलण्यात होती. बंदराला बांदारी. दुकानाला दुका, औषधाला दावा, साबणाला साबुनि, बर्फाला बाराफु. हिंदी महासागरातून ये-जा करणाऱ्या गलबतांनी मालाबरोबर शब्दही उतरवलेले. मी खजिनदार आहे हे कळल्यावर तो म्हणाला, "म्वेका हझिना!" हझिना म्हणजे आपला खजिनाच. आणि मी जे करते ते 'हेसाबु'. सगळ्यात आवडला तो 'लाकी'. लाकी मोजा म्हणजे एक लाख. डॉलरला अडीच हजारांच्या आसपास शिलिंग मिळतात, त्यामुळे जरा बरं जेवलं की बिल लाखात. बाकीचे पाच जण शून्यं मोजत बसले, मी पैसे देऊन मोकळी.

गुरुवार, रस्त्यावर

दार ते इरिंगा सुमारे 500 किलोमीटर, पण दिवस गेला. हा झांबियाकडे जाणारा हमरस्ता, तांब्याच्या खाणींकडून येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकांनी भरलेला. मोरोगोरोपर्यंत उलुगुरू डोंगर सोबतीला, मग रस्ता चक्क मिकुमी राष्ट्रीय उद्यानाच्या पोटातून जातो. जिराफ तीन, हत्ती चार, झेब्रे मोजायचे सोडून दिले. मास्तरांच्या मुलानं इतका वेळ कानातले इअरफोन काढले नव्हते, ते इथे काढले.

नंतर बाओबाबांची दरी. आपल्याकडे त्याला गोरखचिंच म्हणतात, पण एखाददुसरं झाड पाहिलेल्या माणसाला या दरीची कल्पना यायची नाही. टेकडीवर टेकडी, सगळीकडे तेच फुगलेले बुंधे. पुढे कितोंगाचा घाट. आमच्यापुढचे ट्रक इतके हळू चढत होते की ड्रायव्हरनं सगळ्यांची नावं पाठ करून घेतली. घाट चढला की हवाच बदलते. इलुलाला रस्त्याच्या कडेला टोमॅटोच्या आणि कांद्यांच्या राशी होत्या, आणि विकणाऱ्या बायकांनी स्वेटर घातले होते. जूनचा शेवट. विषुववृत्ताच्या दक्षिणेला हा थंडीचा काळ आणि इरिंगा दीड हजार मीटरच्याही वर. थंडीत आयुष्य काढलेले आमचे मिनेसोटाकर अर्ध्या बाह्यांत कुडकुडत उतरले.

शुक्रवार, इरिंगा

सकाळी डायोसीसच्या कार्यालयात चहा आणि नियम. सगळ्यात कडक नियम: कुणालाही परस्पर पैसे द्यायचे नाहीत. घरी परतल्यावर व्हॉट्सअॅपवर निरोप येतील, कुणाची फी, कुणाचं ऑपरेशन. खरेच असतील, तरी पैसे जायचे ते डायोसीसमार्फतच. नाहीतर ज्याच्याकडे फोन त्याची मंडळीशी भागीदारी, असं होऊन बसतं. हे सांगणारे पाळक हसत होते, पण हे त्यांनी पहिल्यांदा सांगितलं नसावं.

दुपारी जवळच्या कालेंगाला गेलो. हेहे लोकांचा राजा म्कवावा यानं 1891 साली लुगालोला जर्मन तुकडीचा धुव्वा उडवला होता. 1894 मध्ये जर्मनांनी त्याचा कालेंगाचा किल्ला घेतला. तो चार वर्षं रानोमाळ लढला आणि 1898 साली हाती लागण्याऐवजी त्यानं स्वतःवर गोळी झाडून घेतली. त्याची कवटी जर्मनीत गेली असं मानलं गेलं. ती परत द्यावी असं कलमच पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्सायच्या तहात आहे, 246 क्रमांकाचं, आणि तरी ती परत यायला 1954 उजाडलं. आता ती इथल्या छोट्या संग्रहालयात काचेच्या पेटीत आहे. बर्लिनचे लूथरन मिशनरी या डोंगराळ भागात आले ते म्कवावाच्या लढायांच्याच दशकात. आमच्या पास्टरबाई पेटीपुढे बराच वेळ उभ्या राहिल्या. बाहेर आल्यावर त्यांनी वाटाड्याला विचारलं, की मग लोक लूथरन झाले तरी कसे? तो म्हणाला, "शुभवर्तमान आम्ही घेतलं. आणणाऱ्यांचं सगळंच घेतलं असं नाही."

संध्याकाळी चहावर एका वयस्कर पाळकांनी तो विषय काढला, ज्याची आम्ही वाट पाहत होतो आणि टाळतही होतो. 2009 साली आमच्या अमेरिकन लूथरन चर्चनं समलिंगी जोडीदारासोबत राहणाऱ्यांना पाळकपद खुलं केलं. त्यावर टांझानियाच्या बिशपांनी दोदोमाहून विरोधाचं निवेदन काढलं. इथिओपियाच्या मेकाने येसूस चर्चनं तर 2013 मध्ये आमच्याशी संबंधच तोडले. पाळकांनी विचारलं, तुमच्या मंडळीचं मत काय? पास्टरबाईंनी सरळ सांगितलं, आमची मंडळी त्या निर्णयाच्या बाजूनं आहे. कप खाली ठेवल्याचे आवाज तेवढे आले. मग ते म्हणाले, "मी बाजूनं नाही. उद्या रस्ता खराब आहे, लवकर निघा." करारात यावर एक अक्षरही नाही. झाकून ठेवलं असं कुणी म्हणेल, म्हणू दे. दोघांनीही आपापलं म्हणणं तोंडावर सांगितलं होतं, मला तेवढं पुरलं.

शनिवार, गावात

पत्रात लिहिलं होतं, सभा 'सा न्ने'ला. न्ने म्हणजे चार. मास्तरांनी वेळापत्रकात दुपारचे चार टाकले. पहाटे ड्रायव्हरनं ते वाचलं आणि कपाळाला हात लावला. स्वाहिली घड्याळ सूर्योदयापासून सुरू होतं. सात वाजले की पहिला तास, म्हणून चौथा म्हणजे सकाळचे दहा. आपले घटका-पळं मोजणारे पूर्वज इथे चुकले नसते. आम्ही आंघोळी न करता निघालो.

दोन तास लाल मातीचा रस्ता. गावाच्या वेशीवरच गायनमंडळ उभं, हातात फांद्या. गाडीतून उतरून त्यांच्याबरोबर नाचत चर्चपर्यंत जायचं असतं हे कुणी सांगितलं नव्हतं. लहान मुलं पुढे येऊन "शिकामू" म्हणत वाकत होती. वडीलधाऱ्यांनी त्यावर "माराहाबा" म्हणायचं. मला चारच पावलांत साठ-सत्तर शिकामू मिळाले, केस न रंगवल्याचा फायदा.

चर्च म्हणजे गावकऱ्यांनी स्वतः भाजलेल्या विटांच्या भिंती आणि अर्ध्या भागावर पत्रा. इथली रीतच अशी आहे, भिंती गावानं उभारायच्या आणि पत्र्यासाठी भागीदारानं हात लावायचा. उरलेल्या अर्ध्या भागातून ऊन येत होतं, सभा त्याच बाजूला बसली, उबेसाठी. एका पाळकाकडे अनेक वाड्या, त्यामुळे रोजचं काम इव्हँजेलिस्ट बघतात. तेही आले होते, सायकलींवरून.

करार दोन पानांचा. मंडळीला स्वाहिलीत 'उशारिका' म्हणतात. त्यातलं मूळ आपल्या 'शरीक'मधलंच. पहिलं कलम प्रार्थनेचं, दर रविवारी एकमेकांची नावं घ्यायची. ते लगेच पार पडलं, फक्त त्यांनी आमच्या आजारी माणसांची यादी मागितली आणि आम्ही ती आणलीच नव्हती. शिष्यवृत्तीचं कलम लांबलं. सरकारी माध्यमिक शाळांची फी 2016 पासून माफ आहे, मग पैसे कशाला, असं मास्तरांनी विचारलं. उत्तर आलं की फी गेली, वसतिगृह राहिलं. शाळा दूर, गणवेश, चटई-गादी, जेवण, आणि मुलींना रोजचा पायी रस्ता धोक्याचा.

दर दोन वर्षांनी आळीपाळीनं भेट, हे कलम वाचल्यावर एक वडील मोठ्यानं हसले. "आमची पाळी तुमची वकिलात ठरवते," ते म्हणाले. इरिंगाहून दारला जायचं, मुलाखत द्यायची, फी भरायची, ती परत मिळत नाही, आणि नकाराचं कारण नीट कळत नाही. माझ्या पासपोर्टवरच्या मंगळवारच्या शिक्क्याची मला लाज वाटली. कलम तसंच ठेवलं, पुढे जोडलं की निमंत्रणपत्रं आणि व्हिसाची फी आमच्याकडे.

मग सहावं. "इरिंगाची मंडळी दर सहा महिन्यांनी खर्चाचा हिशेब पाठवील." त्यांची म्वेका हझिना चाळिशीतली, डोक्याला निळं कितेंगे बांधलेलं, मांडीवर लांबट वही. तिनं वाक्य दोनदा वाचलं, बोट ठेवून. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "आणि तुमचा?"

दुभाष्यानं भाषांतर केलं, पण 'हेसाबु येनु' मला आधीच कळलं होतं.

मास्तर सांभाळून बोलले. आमच्या हिशेबात कर्मचाऱ्यांचे पगार असतात, खाजगी बाब. ती शांतपणे म्हणाली, "आमच्या पाळकांचा पगार तुमच्या कागदात आहे. दुसऱ्या पानाला जोडलाय."

माझे आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर होते. दर वर्षी ते मिशनच्या साहेबांसाठी अहवाल लिहीत: पटावर मुलं किती, बाप्तिस्मे किती, जमा किती, खर्च किती, दुष्काळानं गळती किती. साहेब तो बॉस्टनला अमेरिकन बोर्डाकडे धाडत. नकला आजीच्या पत्र्याच्या पेटीत होत्या. लहानपणी मी त्यांच्या कोऱ्या बाजूवर चित्रं काढलीत. बॉस्टनचा ताळेबंद कधी नगरला आला, असं मात्र आमच्या घरात कुणी ऐकलेलं नाही. मागायचं कुणाला सुचलं असेल, असंही वाटत नाही. आणि आता त्याच रांगेच्या दुसऱ्या टोकाला कागद घेऊन मी बसले होते.

मी "हो" म्हणून टाकलं. पास्टरबाईंना न विचारता.

रात्री कंदिलाच्या उजेडात आमची आपापसात जुंपली. मास्तरांचं म्हणणं असं, की खजिनदाराला असा शब्द द्यायचा अधिकार नाही. ते बरोबरच होतं. माझं म्हणणं असं, की जानेवारीच्या वार्षिक सभेत हेच कागद कॉफीच्या टेबलावर पडलेले असतात, लोक त्यावर कप ठेवतात. गुपित कसलं? नर्सबाई म्हणाल्या, गुपित नाही, सवय नाही. शेवटी सहाव्या कलमात "दोन्ही मंडळ्या" असं झालं, आणि खाली: सेंट पॉलच्या कार्यकारी मंडळाच्या मंजुरीनंतर लागू. पास्टरबाईंनी झोपताना मला सांगितलं की त्या माझ्या बाजूच्या आहेत, आणि पुन्हा असं करू नकोस.

रविवार

उपासना चार तासांची. चार गायनमंडळं, प्रत्येकाला निदान दोन गाणी, आणि एका कीबोर्डला बॅटरीचा आधार. स्वाहिली येत नव्हती तरी मी कुठे हरवले नाही. कबुली, पापक्षमा, मतांगिकार, प्रभुभोजन, सगळा क्रम तोच. चाल वेगळी असली तरी उभं कधी राहायचं ते पायांना कळत होतं. प्रवचनानंतर सह्या झाल्या, वेदीवरच्या पांढऱ्या कापडावर कागद ठेवून.

गोधडी दिली. आमची कल्पना होती की ती भिंतीवर लावतील. तिथल्या बायकांनी ती उलटसुलट करून टाके तपासले, आपसात काही बोलल्या, आणि सोमवारी पाहतो तर ती एका खोकणाऱ्या म्हातारीच्या अंगावर. सेंट पॉलला फोटो पाठवला तो त्याच पलंगाचा.

उपासना संपल्यावर बाहेर लिलाव, 'म्नाडा'. ज्याच्याकडे रोकड नाही तो अर्पणात अंडी, कोंबडी, मका आणतो, आणि ते अंगणात बोली लावून विकलं जातं. विकत घेणारा कधी वस्तू परत देतो, मग तिची पुन्हा बोली. मी एक कोंबडी तीनदा विकली गेलेली पाहिली, तिचा चेहरा अधिकाधिक वैतागत होता. आमच्या शेतकरी आजोबांनी एक 'देबे' मका घेतला. देबे म्हणजे वीस लिटरचा पत्र्याचा डबा, शब्दही डब्यावरूनच. त्यांनी दाणे हातात घेतले, एक चावला, म्हणाले, "पांढरा आहे. आमचा पिवळा."

लोक जमले. तुमचा केवढा? त्यांनी एकरात सांगितलं, दुभाष्याला वाटलं ऐकण्यात चूक झाली, त्यानं पुन्हा विचारलं. मग एका बाईनं विचारलं, एवढ्याचा उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा शिजवलेला गोळा, कोण खातं? आजोबा म्हणाले, कुणी नाही. थोडा डुकरं खातात, थोड्याचं इंधन होतं, गाड्यांसाठी. हे भाषांतर झाल्यावर अंगणात जी शांतता पसरली ती शुक्रवारच्या चहावरच्या शांततेहून खोल होती. आजोबा टोपी काढून उभे राहिले, काय बोलावं त्यांना कळेना. एका शेतकऱ्यानं मग विचारलं, बियाणं स्वतःचं ठेवता की दर वर्षी विकत? तिथून दोघांची गाडी रुळाला लागली. खतांचे भाव, लष्करी अळी, पोरगा शेती करत नाही. दुभाषा जेवायला गेला तरी ते बोलत होते, कोणत्या भाषेत देव जाणे.

सोमवार, इलुला

लूथरन हॉस्पिटल पाहिलं. नर्सबाईंनी प्रसूती विभागातच दिवस काढला, बाकीच्यांना तिथे कुणी विचारलं नाही.

मंगळवार, परत

घाट, बाओबाब, मिकुमी, उलट्या क्रमानं. हत्ती एकही नाही.

नंतर

सप्टेंबरमध्ये आमच्या कार्यकारी मंडळानं सहावं कलम मंजूर केलं, दोन मतं विरोधात. नोव्हेंबरमध्ये इरिंगाहून त्यांचा हिशेब आला, हातानं आखलेल्या रकान्यांत, एक शिलिंग इकडेतिकडे नाही. मी तीनदा बेरीज केली.

फेब्रुवारीत आमचा गेला. शब्दकोश घेऊन मी स्वतः स्वाहिली केलं, मग तिथे काम केलेल्या एका ओळखीच्या बाईंकडून तपासून घेतलं. पगार, वीज, गॅस, विमा, ऑर्गनची दुरुस्ती. पार्किंगमधला बर्फ उचलण्याचा खर्च. ही शेवटची रक्कम मी शिलिंगमध्ये केली तेव्हा दिसलं की ती त्यांच्या वर्षभराच्या सगळ्या अर्पणापेक्षा मोठी आहे. ती ओळ 'इमारत व देखभाल'मध्ये मिसळून टाकावी, असं मनात येऊन गेलं. मिसळली नाही.

दहा दिवसांनी म्वेका हझिनाचा निरोप आला. विम्याबद्दल एक शंका होती, ऑर्गनबद्दल एक. रकमेबद्दल काहीच नाही. शेवटी लिहिलं होतं: हा बाराफु तुम्ही उचलून नेता कुठे?

मी खरं ते कळवलं. कुठे नाही, पार्किंगच्याच कोपऱ्यात ढीग करतात, एप्रिलमध्ये वितळतो.

तिचं उत्तर त्याच दिवशी आलं: मग पैसे कशाचे?